"हार्ड अँड फास्ट रूल" मधला फास्ट नेमका कसला?

वाळवणी

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मी साताऱ्यात घरून भाषांतराची कामं करते. गेल्या आठवड्यात एका कारखान्याचं कामगारांसाठीचं नियमांचं पुस्तक इंग्रजीतून मराठीत करायला आलं, आणि हल्ली पद्धत अशी झालीये की आधी मशीनने केलेला मसुदा हातात पडतो आणि आपण तो दुरुस्त करायचा. चौदाव्या पानावर रजेच्या अर्जाबद्दल वाक्य होतं, "याबाबत कोणताही कठोर आणि वेगवान नियम नाही." वेगवान नियम म्हणजे काय असेल हो? मूळ इंग्रजी उघडलं तर तिथे आपला नेहमीचा "नो हार्ड अँड फास्ट रूल".

अर्थ मला कळतो, तुम्हालाही कळतो, आपण सगळेच म्हणतो की अगं तसं काही हार्ड अँड फास्ट नाहीये, कधीही ये. पण हे पुस्तक मशीनवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातात जाणार आहे, त्याची रजा त्या वाक्यावर अडकलेली असणार, त्याने "कठोर आणि वेगवान" वाचून काय समजायचं, अर्ज घाईने द्यायचा की दिलाच नाही तरी चालतं? मी ते "ठाम नियम नाही" करून पुढे जाणार होते पण मग रात्रभर डोक्यात तेच, की फास्ट म्हणजे जलद तर इथे नक्कीच नाही, मग आहे काय.

पुस्तकात हा शब्द चार ठिकाणी आलाय. रजेचा अर्ज किती दिवस आधी द्यावा याला हार्ड अँड फास्ट रूल नाही. बढतीसाठी किती वर्षं झाली पाहिजेत यालाही नाही. कुशल आणि अर्धकुशल कामात हार्ड अँड फास्ट लाइन ओढता येत नाही. आणि चौथं वाक्य उलटं आहे, मशीन चालू असताना गार्ड, म्हणजे फिरत्या भागांवरचं संरक्षक झाकण, काढायचा नाही हा नियम हार्ड अँड फास्ट आहे. चारही ठिकाणी एकच मराठी शब्द बसेल असं मला वाटत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

चिंचोके

मला तर लहानपणी वाटायचं की फास्ट म्हणजे उपवास, म्हणजे हार्ड फास्ट म्हणजे निर्जळी उपास, आणि तसा कडक नियम तो हार्ड अँड फास्ट. खरंच असं वाटायचं. वाचतोय.

बोरूवाले सर

वाळवणी ताई, फार चांगला विषय काढलात. मी ३४ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, नाशिक जिल्ह्यात, आणि हा प्रश्न दर दोनतीन वर्षांनी कोणीतरी पोरगं विचारायचंच.

फास्टचा मूळ अर्थ जलद नाहीच. जुन्या इंग्रजीत "फेस्ट" असा शब्द होता, अर्थ घट्ट, पक्का, जागचा न हलणारा. त्या अर्थाचे तुकडे आजही आपल्या आजूबाजूला पडलेत, फक्त आपलं लक्ष जात नाही. विमानात सीटबेल्ट "फासन" करायला सांगतात, म्हणजे आवळायला. "फास्ट अस्लीप" म्हणजे पटकन झोपलेला नव्हे, गाढ झोपलेला. "स्टेडफास्ट" म्हणजे आपल्या जागेवर ठाम उभा. आणि हार्ड अँड फास्ट मधला फास्ट हाच.

आता पोरं पुढचा प्रश्न करायची की सर, जो हलतच नाही तो पळायला कसा लागला? घट्टचं जलद कसं झालं? याचं उत्तर मला कुठल्या व्याकरणात शोधावं लागलं नाही, आपल्याच बोलण्यात आहे. आपण म्हणतो "गाडी जोरात चालवू नकोस". जोर म्हणजे ताकद, त्याचा वेगाशी मुळात काही संबंध नाही, पण जोर लावून पळणारा वेगात पळतो म्हणून जोरात म्हणजे वेगात झालं. इंग्रजीत तेच झालं, घट्ट धरून, मग जोर लावून, मग जोरात, मग जलद. जुना अर्थ मेला नाही, काही ठरावीक जोड्यांमध्ये तसाच राहिला, आणि तिथेच आपली फसगत होते, मशीनचीही.

@चिंचोके, तुझं बालपणीचं समजणं वाटतं तेवढं चुकीचं नाही रे. उपवासाचा फास्ट आणि घट्टचा फास्ट हे एकाच मुळाचे आहेत. धरून ठेवणं, पाळणं, म्हणून व्रत पाळणं, म्हणून अन्न न घेणं. तो मोडतात म्हणून ब्रेकफास्ट. फक्त "कडक उपास" वरून "कडक नियम" झाला असं नाही, दोन्ही वेगवेगळ्या वाटेने आले.

माईची शिदोरी

सर, तुम्ही हे लिहिलंत आणि मी पोळी तव्यावर ठेवून परत वाचायला आले. आपणही उपास "धरतो" की! एकादशी धरली, सोमवार धरले, चतुर्थी सोडली, उपास मोडला. कधी मनातच आलं नव्हतं की इंग्रजीतही ते धरणंच आहे.

गोदीकर

रत्नागिरीहून. २६ वर्षं मर्चंट नेव्हीत काढली, त्यामुळे या धाग्यावर न लिहून राहवेना.

हा शब्द आमचा आहे, म्हणजे जहाजावरचा. ॲडमिरल स्मिथ म्हणून एक होता, त्याचा खलाशांच्या शब्दांचा मोठा कोश १८६७ साली निघाला, त्यात हार्ड अँड फास्टचा अर्थ इतकाच दिलाय की किनाऱ्याला लागलेल्या जहाजाबद्दल असं म्हणतात. बास. जहाज वाळूत किंवा खडकावर असं बसलंय की पुढे नाही मागे नाही. भरती आली तरी उचलत नाही. नुसतं टेकलेलं जहाज वेगळं, ते पुढच्या भरतीला तरंगतं, पण हार्ड अँड फास्ट म्हणजे ते गेलंच समजा, टग लावा, माल उतरवा, तरी हलेल की नाही सांगता येत नाही.

आणि फास्ट हा शब्द आम्ही रोज बोलायचो. जहाज धक्क्याला लागलं की दोर काढायचे, एकेक दोर बोलार्डवर, म्हणजे धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर टाकायचा, विंचने ताणायचा, आणि बिट्सवर, म्हणजे डेकवरच्या जोडखुंटांवर आठाच्या आकारात वळसे मारून पक्का करायचा, त्याला "मेक फास्ट" म्हणतात. पुढचे मागचे सगळे दोर पक्के झाले की ब्रिजवर कळवायचं "ऑल फास्ट" आणि लॉगबुकात ती वेळ लिहायची. मी नवीन कॅडेट असताना मागच्या डेकवर उभा होतो, थंडीने बोटं वाकत नव्हती, ऑफिसर ओरडला "मेक इट फास्ट" आणि मी आपला घाईघाईने वळसे मारायला लागलो. दोर सैल राहिला आणि सुटून सर्रकन गेला. माझ्या मागे एक केरळचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम होता, त्याने माझी कॉलर धरून मला मागे ओढलं म्हणून पाय वाचला. नंतर त्याने शांतपणे सांगितलं की फास्ट म्हणजे लवकर नाही बेटा, फास्ट म्हणजे सुटणार नाही असं. तो अर्थ मी कोशात नाही शिकलो.

तर ताई, नियम हार्ड अँड फास्ट म्हणजे रुतलेल्या जहाजासारखा. ढकलून हलणार नाही असा.

अवांतर, ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी, ३ जून २०२० ला निसर्ग वादळात बसरा स्टार नावाचं तेलवाहू जहाज आमच्या मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलं. माणसं वाचली सगळी. जहाज मात्र वर्षानुवर्षं तिथंच, गंजत, दर पावसाळ्यात लाटा खात. मी सकाळी फिरायला जायचो तेव्हा त्याच्याकडे बघून तोच शब्द आठवायचा.

कांदोळकार

गोदीकर दादा, आमच्या गोव्यात याच्यापेक्षा मोठी गोष्ट झाली. रिव्हर प्रिन्सेस. जून २००० मध्ये पावसाळ्याच्या तोंडावर कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन रुतली आणि १२ वर्षं तिथेच. माझं सगळं शाळा कॉलेज तिच्यासमोर झालं म्हणा ना. सुरुवातीला वाटलं आठवड्यात काढतील. मग तिच्या पोटात वाळू भरत गेली, दर वर्षी थोडी जास्त खाली, आणि तिच्यामुळे लाटांची दिशा बदलून किनाऱ्याची वाळू दुसरीकडे खचायला लागली. टेंडरं निघाली, कोर्टकचेरी झाली, शेवटी २०१२ च्या सुमारास कापून कापून काढली. जहाज जितका वेळ रुतून राहतं तितकं ते आणखी पक्कं होत जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. नियमांचंही तसंच होतं बहुतेक, कोणीतरी एकदा काहीतरी ठरवतं आणि मग त्याच्यात वाळू भरत जाते.

बोरूवाले सर

गोदीकरांनी माझं अर्धं काम केलं. त्याच १८६७ सालची आणखी एक गोष्ट सांगतो. त्या वर्षी ब्रिटिश पार्लमेंटात मताचा हक्क आणखी किती लोकांना द्यायचा यावर मोठा वाद चालला होता. घरपट्टीसारखा कर किती भरणाऱ्याला मत द्यायचं, रेघ कुठे ओढायची? त्या वादात "हार्ड अँड फास्ट लाइन" हे शब्द वारंवार येत होते. म्हणजे जहाजावरून शब्द उतरला आणि थेट पार्लमेंटात गेला, आणि तिथे तो आधी नियमाला नव्हे, रेघेला लागला. म्हणून ताई, तुमच्या पुस्तकातलं तिसरं वाक्य, कुशल आणि अर्धकुशल मधली रेघ, ते या शब्दाच्या जुन्या वापराच्या सगळ्यात जवळचं आहे.

वापराबद्दल दोन गोष्टी. हा शब्द बहुतेक वेळा नकाराबरोबरच येतो, असा काही नियम नाही, अशी रेघ ओढता येत नाही. होकारात वापरला की तो ठणकावून सांगितल्यासारखा वाटतो, तुमच्या मशीनच्या गार्डसारखा, आणि तिथे तसंच वाटायला हवं. दुसरं, नामाच्या आधी आला तर तिन्ही शब्द छोट्या आडव्या रेघांनी जोडतात, नंतर आला तर बहुतेक जण सुटे ठेवतात. तुम्ही मराठीत नेताय त्यामुळे तुम्हाला त्याची गरज नाही, पण चिंचोके परीक्षा देतोय ना, त्याच्यासाठी.

आणि हो, याचं "जास्त हार्ड अँड फास्ट" होत नाही. रुतलेलं जहाज रुतलेलंच असतं, अर्धं रुतलेलं असेल तर मग तो शब्दच लागत नाही.

चिंचोके

हो सर, एमपीएससी. मग स्ट्रिक्ट, स्ट्रिंजंट, रिजिड आणि हार्ड अँड फास्ट यात फरक काय? मी चौघांसमोरही "कडक" लिहून पाठ केलंय.

सनदवाली

मी सांगते, कारण माझ्या कामात हे चारही दिवसभर येतात. जिल्हा कोर्टात वकिली करते.

स्ट्रिक्ट माणूसही असतो आणि नियमही. कडक मास्तर, कडक नियम. स्ट्रिंजंट मात्र माणसाला लावायचं नाही हां, "माझे बाबा स्ट्रिंजंट आहेत" असं होत नाही, ते कायद्याला, अटींना, तपासणीला लागतं. जामीन दिला पण अटी स्ट्रिंजंट, म्हणजे दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, पासपोर्ट जमा, जिल्हा सोडायचा नाही, सगळीकडून आवळलेलं. रिजिड म्हणजे ताठर, त्यात तक्रारीचा सूर असतो, वाकायला पाहिजे होतं तिथे वाकत नाही. आणि हार्ड अँड फास्ट मध्ये कडकपणाचा मुद्दाच नाही, मुद्दा पक्केपणाचा आहे. नियम अगदी साधा मऊ असू शकतो, ऑफिसात चहा चारलाच मिळेल, पण त्याला अपवाद नसेल तर तो हार्ड अँड फास्ट. म्हणूनच मशीनचं "कठोर" सुद्धा चूक आहे ताई, नुसतं "वेगवान" नाही.

स्ट्रिक्ट आणि स्ट्रिंजंट या सख्ख्या बहिणी, दोघी लॅटिनमधल्या आवळणे या क्रियापदातून आलेल्या. आवळण्याचं हे घराणं फार मोठं आहे. दोन जमिनींनी आवळलेलं पाणी, सामुद्रधुनी, ती स्ट्रेट. तुरटी दाढीनंतर फिरवली की कातडी आवळते, म्हणून ती ॲस्ट्रिंजंट. कोर्ट खालच्या अधिकाऱ्यावर ताशेरे ओढतं ते स्ट्रिक्चर्स. आणि आमच्या निकालपत्रांत एक लाडका शब्द आहे, "स्ट्रेटजॅकेट फॉर्म्युला", की अमुक गोष्टीला स्ट्रेटजॅकेट फॉर्म्युला नाही. पुष्कळ जणांना वाटतं तो सरळ या अर्थाचा स्ट्रेट आहे. नाही, तो आवळणारा आहे, सामुद्रधुनीवाला. हात बांधून ठेवणारं जाकीट.

भारतातल्या निकालांत "नो हार्ड अँड फास्ट रूल कॅन बी लेड डाउन" हे वाक्य इतक्या वेळा येतं की नवीन वकिलाला वाटतं न्यायाधीश हात झटकतायत. मलाही पहिल्या वर्षी राग यायचा, अरे मग सांगा ना नियम, आम्ही अशिलाला काय सांगायचं? नंतर गुरबक्षसिंग सिब्बियाचा निकाल नीट वाचला, १९८० चा, पाच न्यायाधीशांचं पीठ, निकाल लिहिलाय सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी. अटकपूर्व जामीन कुणाला द्यायचा यावर पंजाब आणि हरियाणा हायकोर्टाने चौकटी आखून दिल्या होत्या, सुप्रीम कोर्टाने त्या मान्य केल्या नाहीत. त्यांचं म्हणणं असं की कायदेमंडळाने कलमात जी मोकळीक मुद्दाम ठेवलीय ती कोर्टाने स्वतःहून चौकटीत कोंबू नये, कारण उद्या कुठला माणूस कुठल्या परिस्थितीत दारात येईल हे आज कुणाला सांगता येणार आहे. ते वाचल्यावर माझं मत बदललं. नियम पक्का नसणं म्हणजे ढिलाई नव्हे, समोरच्या माणसाचं ऐकून घ्यायला ठेवलेली जागा आहे ती.

म्हणून ताई, तुमच्या पहिल्या दोन वाक्यांत ही जागा दिसली पाहिजे. "नियम नाही" एवढंच लिहिलंत तर उद्या सुपरवायझर म्हणेल नियमच नाही, मी वाटेल ते करीन. असं होताना मी पाहिलंय, म्हणून एवढं लांब लिहिलं.

रंगारी

इचलकरंजी. वडील हातमागाच्या काळातले, मी प्रोसेस हाऊसमध्ये रंगखात्यात.

आमच्याकडे फास्ट म्हणजे पक्का. रंगाचा फास्टनेस. साडी घेताना बाया विचारत्यात ना रंग पक्का हाय का, जातोय का, तेच. नमुन्याची एक पट्टी घ्यायची, तिला पांढऱ्या कापडाची पट्टी शिवायची, साबणाच्या पाण्यात ठरलेल्या तापमानाला घुसळायची, वाळवायची आणि मग दोन्ही बघायच्या, रंगीत किती फिक्कट झाली आणि पांढरी किती डागाळली. १ ते ५ आकडा देत्यात. ५ म्हणजे रंग जागचा हलला न्हाई. घासून पण बघत्यात, कोरडं आणि ओलं. गडद लाल आणि काळा ओल्यात मार खातो, तिथं ५ कवा मिळत न्हाई, ३ मिळाला तरी बास म्हणायचं.

नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी ह्येच सांगाय लागतंय की फास्ट कलर म्हंजी लवकर बसणारा न्हवं, न जाणारा. उलट जो लवकर बसतोय तो पुष्कळदा कच्चाच असतोय, धागा आतपर्यंत पिलेला नसतोय. सावकाश बसलेला रंग पक्का.

स्लाइडवाली

रंगारी दादा, तुमचाच शब्द माझ्या प्रयोगशाळेत. थुंकीची टीबीसाठीची तपासणी, रिपोर्टवर "एएफबी" लिहिलेलं असतं, त्यातला मधला एफ म्हणजे फास्ट. ॲसिड फास्ट बॅसिलाय, बॅसिलाय म्हणजे काडीसारखे जंतू. पेशंट रिपोर्ट घेऊन विचारतात, मॅडम फास्ट लिहिलंय, म्हणजे आजार वेगात वाढतोय का? इतके घाबरलेले असतात की मी प्रत्येकाला खुर्चीवर बसवून सांगते.

काच घ्यायची, थुंकी पसरायची, कार्बोल फुक्सिन हा लालभडक रंग घालून खालून गरम करायचं, म्हणजे रंग जंतूच्या मेणचट आवरणात शिरतो. मग आम्ल ओतायचं. बाकी सगळ्यांचा रंग धुऊन जातो, टीबीच्या जंतूचा जात नाही, तो आम्लालाही सोडत नाही. शेवटी मिथिलीन ब्लू. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की समजायचं. आम्लातही रंग धरून ठेवणारा, म्हणून फास्ट. वेगाचा काडीचाही संबंध नाही, आणि हे कळल्यावर माणसाचा चेहरा किती बदलतो ते मी रोज बघते.

माइनकाठ

फ्रँकफुर्टहून लिहितोय. जर्मनमध्ये हा शब्द अजून जुन्याच अर्थाने जिवंत आहे, "फेस्ट" म्हणजे घट्ट, पक्का. हार्ड डिस्कला इथे "फेस्टप्लाटे" म्हणतात, मुलाला रस्त्यात हात घट्ट धर सांगायचं तर "फेस्टहाल्टन". आणि गंमत म्हणजे जर्मनमध्ये "फास्ट" असाही शब्द आहे आणि त्याचा अर्थ "जवळजवळ". इथे आल्यावर पहिल्या महिन्यात दुकानदार म्हणाला "फास्ट फेर्टिग", मला वाटलं पटकन झालं, तो म्हणत होता होत आलंय, थांबा जरा.

बेलफास्टचा याच्याशी संबंध आहे का सर?

बोरूवाले सर

नाही. ते आयरिश नाव आहे, बेअल फेर्श्त असं काहीसं, अर्थ वाळूच्या दांड्याजवळचं नदीचं मुख. इंग्रजांच्या कानाने त्याचं फास्ट केलं. वाळू मात्र तिथेही आहेच.

माईची शिदोरी

आता मूळ प्रश्नाकडे वळू या का? वाळवणीला मराठी शब्द हवाय. मला वाटतं "नेम". नियमचंच घरगुती रूप. चातुर्मासात नेम धरतात, कुणी कांदालसूण सोडतं, कुणी रोज तुळशीला प्रदक्षिणा घालतं, आणि नेम एकदा धरला की मोडायचा नाही, आजारी पडलं तरी. माझी आजी तापात उठून पाणी घालायची तुळशीला, दोन बायकांनी धरून नेलेली मला आठवतेय. हार्ड अँड फास्टला याहून पक्का शब्द कुठून आणणार? "रजेचा अर्ज किती दिवस आधी द्यायचा याचा काही नेम नाही." बघा कसं वाटतंय.

सनदवाली

माई, शब्द सुंदर आहे पण इथे अर्थ उलटतो. "पावसाचा काही नेम नाही", "त्याचा काही नेम नाही, येईल नाहीतर नाही येणार". नकारात गेलं की नेमचा अर्थ भरवसा होतो. रजेच्या अर्जाचा नेम नाही असं लिहिलं तर कामगार म्हणेल, म्हणजे अर्ज दिला तरी रजा मिळेल की नाही भरवसा नाही.

माईची शिदोरी

खरं आहे ग. हे माझ्या लक्षात नाही आलं. नेम धरला तर पक्का आणि नेम नाही म्हटलं तर बेभरवशाचा.

गोदीकर

"काळ्या दगडावरची रेघ" चालेल का, हार्ड अँड फास्ट लाइनला? रेघ आहेच त्यात.

बोरूवाले सर

रेघ आहे पण ती दोन गोष्टींच्या मधली नाही. काळ्या दगडावरची रेघ म्हणजे मी सांगतोय ते खोटं ठरणार नाही, भाकीत, ठाम बोल. कुशल आणि अर्धकुशल यांना वेगळं करणारी रेघ ती नव्हे. तिथे साधं लिहावं, "नेमकी सीमारेषा आखता येत नाही". नेमकी, म्हणजे माईंचा नेम तिथे आला बघा.

आणि पहिल्या दोन वाक्यांसाठी माझा शब्द "दंडक". "असा काही दंडक नाही." आमच्या लहानपणी घरात सर्रास होता. जेवायला बसताना मुलांनी आधी बसायचं असा आमच्याकडे दंडक होता, किंवा जावयाने पाया पडलंच पाहिजे असा काही दंडक नाही. दंडक म्हणजे ठरून गेलेला, कोणी मोडायचा नाही असा नियम, आणि नकारात गेला तरी भरवशाचा अर्थ येत नाही. हल्ली तो कमी ऐकू येतो म्हणून सुचत नाही, पण साताऱ्या-सांगलीकडच्या माणसाला आपोआप कळेल.

रंगारी

कळतंय की. आमच्यात पण म्हणत्यात, असा कायदा न्हाई काय, असा दंडक न्हाई काय.

चिंचोके

मला "दंडक" माहीत नव्हता. पण वाक्यात वाचला आणि लगेच कळला, विचारावं नाही लागलं.

वाळवणी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस मी हा धागा उघडूनच काम करत होते. काल रात्री फाइल पाठवली, वाक्यं अशी ठेवली.

रजेबद्दल: "रजेचा अर्ज इतक्याच दिवस आधी दिला पाहिजे असा दंडक नाही. अचानक अडचण आल्यास त्याच दिवशी दिलेल्या अर्जाचाही विचार केला जाईल." हे दुसरं वाक्य मूळ इंग्रजीत पुढच्या परिच्छेदात होतं, ते मी विचारून वर आणलं, सनदवाली ताईंनी जी जागा म्हटली ती दिसावी म्हणून.

बढतीबद्दल: "बढतीसाठी ठरावीक वर्षं पूर्ण झालीच पाहिजेत असा दंडक नाही, कामही पाहिलं जाईल."

रेघेबद्दल सरांचंच वाक्य घेतलं, नेमकी सीमारेषा आखता येत नाही.

आणि गार्डचं: "मशीन चालू असताना गार्ड काढायचा नाही. या नियमाला कोणताही अपवाद नाही." इथे दंडक नाही घातला. गोदीकर काकांच्या दोराची गोष्ट वाचल्यानंतर वाटलं की जिथे बोट जाऊ शकतं तिथे शब्द सगळ्यांना एकदाच वाचून कळला पाहिजे, सुंदर नसला तरी चालेल.

आज सकाळी तिकडून उत्तर आलं. तपासणाऱ्या बाईंनी तीन वाक्यं तशीच ठेवली, बढतीच्या वाक्यातला दंडक काढून "बंधन" केलं. त्यांचं म्हणणं की तिथे तरुण मुलं जास्त आहेत, परभणी-नांदेडकडची, त्यांना बंधन सोपं जाईल. मी मान्य केलं.

बोरूवाले सर

बंधनही चांगलंच आहे. बांधणे, आवळणे, घट्ट धरणे, सगळं त्यात आलं. रजेच्या वाक्यातला दंडक मात्र राहिला ना? तो राहू द्या.

वाळवणी

राहिलाय सर. पान १४.